व्हायरल आला म्हणून कोलायटिसच्या गोळ्या बंद केल्या, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतात. पाच वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणारा आजार, निघाला, पुण्यातल्या पोटाच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट, रोज मेसालामाइन आणि अझाथायोप्रिन, आणि गेली अडीच वर्षं त्रास जवळजवळ नव्हताच. यंदा शाळा उघडल्यावर जूनमध्ये सर्दी-ताप, जुलैत परत ताप, आणि मग घरात सगळ्यांनाच उलट्या-जुलाब. बाकीचे तीन दिवसांत उठून कामाला लागले, यांचं थांबलंच नाही. गावातल्या डॉक्टरांनी तापात कंबरेत इंजेक्शन दिलं, अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, जुलाबावर अँटिबायोटिक दिलं. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई म्हणाल्या की प्रतिकारशक्ती मारणाऱ्या गोळ्या खातेस म्हणून सारखी आजारी पडतेस, ते पटलं, दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि गुळवेलीचा काढा सुरू केला. त्याला पाच आठवडे झाले. आता दिवसाला सहा-सात वेळा जावं लागतं, रक्त पडतं, रात्रीही उठावं लागतं. पुण्याच्या डॉक्टरांना कळवलेलं नाही, ओरडतील म्हणून. नवरा म्हणतो शाळाच सोड, तिथूनच सगळे व्हायरल घरी येतात. त्यांचे प्रश्न तीन: गोळ्या कायमच्या बंद ठेवू का, शाळा सोडू का, आणि इम्युनिटी वाढवायला काय खाऊ?

---

बाई गं, तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी पुण्याला फोन लाव. हे पूर्ण वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

कारण तू पत्रात शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं "सहा-सात वेळा रक्ताचे" असं लिहिलंयस, आणि तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी कोलायटिसचा अटॅक किती गंभीर आहे हे ओळखायची एक साधी कसोटी दिली, ती आजही जगभर वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत यातलं एक जरी असेल, म्हणजे ताप १०० च्या वर, नाडी मिनिटाला ९० च्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ३० च्या वर, तर ते अॅडमिट करायचं प्रकरण असतं. तुझी पहिली अट पूर्ण झालीच आहे. थर्मामीटर लाव, मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघून एक मिनिट नाडी मोज, हे दोन आकडे कागदावर लिही आणि फोनवर सांग. पोट फुगलंय, दुखणं वाढत चाललंय, चक्कर येतेय असं काही असेल तर फोनचीही वाट बघू नकोस, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. आणि जुलाब थांबवायची गोळी, ती लोपेरामाइडवाली, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नकोस, सुजलेलं आतडं अशा गोळीने सुस्त होऊन फुगू शकतं आणि ते जिवावर बेततं.

आता ओरडण्याचं. ओरडतील कदाचित, दोन मिनिटं. पण पेशंट मधेच गोळ्या सोडतात हे पोटाच्या डॉक्टरांना काही नवीन नाहीये, जवळपास रोजच कुणीतरी असं येतं. तुला काय बोलायचं सुचत नसेल तर हे जसंच्या तसं वाचून दाखव: "मी अमुक तारखेपासून मेसालामाइन आणि अझाथायोप्रिन दोन्ही स्वतःहून बंद केल्या, त्याआधी दोनदा ताप आणि एकदा गॅस्ट्रो झाला, दुखण्याचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक घेतलं, आता दिवसाला सहा-सात वेळा रक्त पडतंय, ताप इतका, नाडी इतकी." बास, यात माफी मागायची गरज नाही, फक्त काही लपवू नकोस, कारण गोळ्या चालू असताना अटॅक आला असं डॉक्टरांना वाटलं तर ते औषध फेल गेलं असं समजून पुढच्या महागड्या इंजेक्शनवर जातील, आणि खरं कारण वेगळंच असेल.

अजून एक, घाबरून आज रात्री अझाथायोप्रिनचा जुना डोस परत सुरू करू नकोस. पाच आठवड्यांच्या गॅपनंतर आणि मधे इन्फेक्शन होऊन गेल्यावर आधी रक्ताचे काउंट आणि लिव्हर बघतात, मग ठरवतात. शिवाय ही गोळी हळू चढणारी आहे, नीट असर दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे आजचं रक्त ती उद्या थांबवणार नाही.

झाला फोन? मग बस आता.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, "प्रतिकारशक्ती मारणाऱ्या गोळ्या" असं तू दोन्हीला मिळून म्हटलंयस. मेसालामाइन प्रतिकारशक्ती मारत नाही गं. ती आतड्याच्या आतल्या अस्तरावर काम करते, सूज कमी करते, तिच्यामुळे सर्दी-ताप वाढायचं काही कारणच नाही. म्हणजे ज्या गोळीचा या भांडणाशी संबंधच नव्हता तीही तू बंद केलीस, आणि कोलायटिसमध्ये परत अटॅक येऊ नये म्हणून पहिली भिस्त तिच्यावरच असते.

अझाथायोप्रिनचं मात्र खरं आहे, ती प्रतिकारशक्ती दाबते, त्यासाठीच देतात. पण म्हणजे काय होतं ते नीट बघू. फ्रान्समध्ये एका अभ्यासात असं दिसलं होतं की अझाथायोप्रिनवाल्यांना साधी सर्दी, घसा, खोकला हे इतरांपेक्षा जास्त होत नाही, पण ओठावरची हर्पिसची पुळी आणि चामखिळी मात्र जास्त होतात. एकूणच ही गोळी हर्पिसच्या कुळातले व्हायरस, म्हणजे कांजण्या, नागीण वगैरे, आणि चामखिळीचा एचपीव्ही, यांना थोडी वाट मोकळी करून देते. तुला जूनमध्ये काय झालं? सर्दी-ताप. शाळा उघडल्यावर पहिल्या पावसात चाळीस ओली पोरं एका खोलीत, खिडक्या बंद, तुझ्याच पत्रात आहे की स्टाफरूममध्ये तुझ्यासकट चौघी आडव्या झाल्या होत्या. बाकीच्या तिघी कुठे अझाथायोप्रिन खातात? आणि गॅस्ट्रो तर जाऊबाईंनाही झाला, त्यांची प्रतिकारशक्ती कुणी मारली होती? मागची अडीच वर्षं तू याच गोळ्यांवर याच शाळेत होतीस, तेव्हाचे पावसाळे आठव जरा.

आता मला जे सांगायचंय ते हे. कोलायटिसवाल्या माणसाला व्हायरसचा सगळ्यात जास्त धोका गोळ्या चालू असताना नसतो, आजार भडकल्यावर असतो. भडकलेलं आतडं म्हणजे आतून सोललेली जागा, रक्त जातंय, प्रोटीन जातंय, हिमोग्लोबिन उतरतंय, माणूस जेवत नाही, झोपत नाही. आणि हा अटॅक विझवायला डॉक्टरांना बहुतेक वेळा स्टेरॉइड द्यावं लागतं, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज आणि मग आठवड्याआठवड्याने कमी करत दोन-तीन महिने. खऱ्या अर्थाने प्रतिकारशक्ती दाबणारं औषध ते आहे. कोविडच्या वेळी, मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिक्युअर-आयबीडी नावाची एक नोंदवही सुरू केली होती, जगभरातून डॉक्टर आपल्या कोलायटिस आणि क्रोन्स (कोलायटिसचाच भाऊबंद, तोही आतड्याच्या सुजेचा आजार) यांच्या पेशंटना कोविड झाला की त्यात नोंद करायचे. पहिल्या ५२५ पेशंटचा हिशोब आला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ती महागडी बायोलॉजिक इंजेक्शनवाले, म्हणजे प्रतिकारशक्तीचा एखादाच धागा नेमका अडवणारी औषधं घेणारे, गळपटणार, पण त्यातली टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये गंभीर कोविड जास्त दिसला नाही, स्टेरॉइडवर असलेल्यांमध्ये मात्र धोका कितीतरी पटीने जास्त दिसला. पुढच्या मोठ्या हिशोबात अझाथायोप्रिनवालेही टीएनएफवाल्यांपेक्षा जास्त धोक्यात दिसले, ते मी लपवत नाही. पण गोळी सोडायची, मग अटॅक, मग स्टेरॉइड, हा जो रस्ता आहे ना, तो तुला व्हायरसपासून लांब नेत नाही, उलट जवळ नेतो. सासूबाईंनी तुझ्या काळजीनेच सांगितलं, पण झालं उलटं.

आणि इम्युनिटी वाढवायचा तुझा तिसरा प्रश्न. तू शिक्षिका आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. बाहेरून चोर आलेला नसताना वर्गातल्याच पोरांना छडीने बडवत सुटलेला मास्तर, तशी तुझ्या आतड्यातली प्रतिकारशक्ती वागते, आणि तू विचारतेयस की मास्तरला जाडजूड छडी कुठे मिळेल. कोलायटिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, भलतीकडे वळलेली असते, म्हणून "इम्युनिटी बूस्टर" असं छापलेली कुठलीही बाटली आपल्यासाठी नाही. गुळवेलीबद्दल तर स्पष्टच सांगते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटच्या केसेस छापल्या, त्यातले काही जण आधीच ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा, प्रकृतीचे होते. त्यावर बराच वादही झाला, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. पण तू ऑटोइम्यून कुळातल्या आजाराची पेशंट, आणि जी गोळी बहुतेक परत सुरू होईल तीही लिव्हरवर लक्ष ठेवून घ्यावी लागते, तर या वादाचा निकाल आपल्या लिव्हरवर कशाला लावून बघायचा? काढा बंद कर आणि घेत होतीस हे डॉक्टरांना सांग. हळदीचं दूध पचत असेल तर पी बापडे, त्याने सहसा कुणाचं वाकडं होत नाही.

आता गावातल्या डॉक्टरांकडे येऊ. माझं त्यांच्याशी वैर नाही, रात्री अकराला दार उघडणारा माणूस तोच असतो. पण तापात कंबरेत जे इंजेक्शन देतात त्यात बहुतेक डायक्लोफिनॅक असतं, कधी जोडीला डेक्सामेथासोन, आणि अंगदुखीच्या पाकिटात आयबुप्रोफेन किंवा असिक्लोफिनॅक. या दुखण्याच्या गोळ्यांनी काही जणांचा कोलायटिस भडकतो. पाळीत घेतो ती मेफेनॅमिक अॅसिडची गोळीही याच कुळातली. तापाला आणि अंगदुखीला आपल्यासाठी पॅरासिटामॉल, तीही डब्यात दुसऱ्या कशाची सरमिसळ नाही ना बघून, कारण आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली गोळी किराणा दुकानातसुद्धा मिळते. पावसाळ्यात तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ताप डेंग्यूचा असेल तर प्लेटलेट आधीच पडलेल्या असतात, त्यात या गोळ्या म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. आणि चिकुनगुन्या असेल तर, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात केवढा होता आठवतंय ना, सांधे महिनोन्महिने दुखतात आणि माणूस वैतागून रोज एक दुखण्याची गोळी खातो. कोलायटिसमध्ये एरवीही सांधे दुखतात, म्हणून अशा वेळी सांधेदुखी कशाची आहे ते ठरल्याशिवाय गोळी नाही.

जुलाबाचं अँटिबायोटिकही तसंच. घरातल्या सगळ्यांना एकदम उलट्या-जुलाब झाले आणि तीन दिवसांत थांबले म्हणजे तो बहुधा नोरोव्हायरस किंवा त्याच्यासारखा कुणी, त्याच्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. पण आतड्यातले चांगले जंतू मात्र मरतात, आणि मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक बॅक्टेरिया माजू शकतो जो कोलायटिसवाल्यांना जास्त छळतो आणि दिसतो अगदी अटॅकसारखा. म्हणून आता पुण्याला गेलीस की स्टूल टेस्टमध्ये तो बघायला सांगतील, आपल्याकडे अमीबाही बघतात, कारण अमीबा असताना स्टेरॉइड दिलं तर पंचाईत होते.

मग हे ओळखायचं कसं, साधा गॅस्ट्रो कुठला आणि आपला आजार कुठला? शंभर टक्के घरी ओळखता येत नाही. गॅस्ट्रो अचानक येतो, उलट्या असतात, जुलाब पाण्यासारखे, घरात दुसरं कुणीतरी आजारी असतं आणि दोन-तीन दिवसांत उतार पडतो. अटॅक हळूहळू चढतो, रक्त आणि आव, सारखी घाई लागते, जाऊन आलं तरी झालंय असं वाटत नाही, कुंथावं लागतं, आणि झोपेतून उठवतो. तुझ्या बाबतीत गॅस्ट्रोने सुरुवात केली आणि अटॅक मागून आला असं मला पत्रावरून वाटतंय. नियम एकच ठेव, जुलाब तीन दिवसांत कमी झाले नाहीत किंवा रक्त दिसलं की फोन. कॅलप्रोटेक्टिनची स्टूल टेस्ट हल्ली सगळे करतात पण ती आतड्यात सूज आहे एवढंच सांगते, व्हायरसच्या जुलाबातही वाढते, त्यामुळे तेवढ्या एका आकड्यावरून कुणी निर्णय देत असेल तर थांब.

याला जोडून अजून एक व्हायरस तुला माहीत हवा, कारण पुढच्या काही दिवसांत तुझ्या कानावर पडू शकतो. सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टर सीएमव्ही म्हणतात. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, साध्या तापासारखा, कळतही नाही, आणि मग तो शरीरात पडून राहतो जन्मभर. आतडं खूप सुजलं आणि स्टेरॉइड सुरू झालं की कधी कधी तो त्या सुजलेल्या जागीच परत जागा होतो. मग होतं असं की स्टेरॉइड चालू आहे तरी जुलाब थांबत नाहीत, डॉक्टरांना वाटू शकतं डोस कमी पडतोय, आणि वाढवला तर व्हायरस अजून फोफावतो. म्हणून तीन-पाच दिवस स्टेरॉइड देऊन फरक पडला नाही तर छोटी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढतात आणि त्यात सीएमव्ही शोधतात, सापडला आणि जोरात असला तर गॅनसायक्लोव्हिर नावाचं औषध शिरेतून देतात. तुला तो झालाय असं मी म्हणत नाही. पण "परत दुर्बीण कशाला, मागच्या वेळी केली होती की" असं म्हणून नकार देऊ नकोस एवढंच, ती दुर्बीण बाकीच्या कोलोनोस्कोपीसारखी नसते, पोट साफ करायची ती भयंकर बाटलीही बहुधा प्यावी लागत नाही.

स्टेरॉइड सुरू झालं तर एक गाठ मारून ठेव. ते मधेच, स्वतःच्या मनाने, ताप आला म्हणून किंवा तोंड सुजलं म्हणून कधीही झटकन बंद करायचं नाही. काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, अचानक बंद केलं आणि त्यात ताप असला तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. उलट तापात कधी कधी डोस वाढवावा लागतो. अझाथायोप्रिन एकदम थांबवली तर माणूस असा कोसळत नाही, स्टेरॉइडचं तसं नाही.

आणि अझाथायोप्रिनसुद्धा तापात कधी कधी थांबवतात बरं का, म्हणजे सासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. जोराचा ताप, कांजण्या, नागीण, डेंग्यूत पांढऱ्या पेशी पडल्या, असं झालं की डॉक्टर स्वतःच काही दिवस ती थांबवायला सांगतात आणि बरं झाल्यावर सुरू करतात. कधी थांबवायची, किती दिवस, आणि परत कधी, हे ठरवून थांबवणं वेगळं. नुसत्या सर्दीला थांबवत नाहीत. तेव्हा या वेळी पुण्याहून निघताना एका कागदावर लिहून घे, ताप आला तर कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची आणि कुणाला फोन करायचा, दुखण्याची कोणती औषधं नकोत. त्याच्या दोन झेरॉक्स, एक गावातल्या डॉक्टरांना नेऊन दे, चांगला डॉक्टर असेल तर त्याला राग येणार नाही, उलट बरं वाटेल. ताप चढलेला असताना अक्कल कुणाचीच चालत नाही, हे सगळं बरं असतानाच ठरवायचं असतं.

शाळेचं बोलू. सोडू नकोस, निदान या कारणासाठी आणि या महिन्यात तर नकोच. आत्ता तुला रजा लागेल, ती हक्काची आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून अर्धपगारी किंवा परिवर्तित रजा टाक, बिनपगारी कशाला? व्हायरस शाळेतच असतात आणि घरी बसल्यावर येत नाहीत हेही खरं नाही, तुझा गॅस्ट्रो घरातूनच आला. आणि पगार गेला की औषधांचं काय, हा प्रश्न नवऱ्याने विचारलाय का?

पण वर्गात काही गोष्टी बदलाव्या लागतील. सगळ्यात महत्त्वाच्या कांजण्या. तुला लहानपणी झाल्या होत्या का हे आईला विचार, आठवत नसेल तर रक्ताची अँटिबॉडी टेस्ट होते. झालेल्या नसतील आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला उठल्या, तर अझाथायोप्रिनवर किंवा स्टेरॉइडवर असताना अंगावर पुरळ येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण सुरुवातीच्या काही दिवसांतच देता येतात अशी इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत. मोठ्या वयात, या औषधांवर, कांजण्या फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. गोवरचंही तसंच, २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावला केवढी साथ आली होती. पालकांना तुझा आजार सांगायची गरज नाही, पण वर्गाच्या ग्रुपवर "मुलाच्या अंगावर पुरळ किंवा ताप असेल तर घरी ठेवा आणि मला कळवा" एवढा मेसेज टाकायला कुणाची हरकत नसते. आणि मुख्याध्यापकांना मात्र आजार सांग. वर्ग सोडून धावत जावं लागलं तर पाच मिनिटं कुणीतरी बघेल, आणि घरोघरच्या सर्वेक्षणाची ड्युटी वाटताना तुझं नाव आधी लागणार नाही, निदान अटॅकच्या काळात तरी. (शिक्षकांना शिकवायचं सोडून सगळी कामं का देतात यावर वेगळं सदर लिहावं लागेल.)

सॅनिटायझरवर जास्त विसंबू नकोस. फ्लू आणि कोविडला ते चालतं पण नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. खिचडी वाटायच्या आधी मुलांना साबणाने हात धुवायला लावतेसच, स्वतःही धू. कोंदट वर्गात पोरं खोकत असतील तेव्हा मास्क लाव, कोविडनंतर त्याचं कुणाला काही वाटत नाही. खिडक्या उघड, पाऊस आत आला तरी चालेल.

लसींचं काम मात्र तू पाच वर्षांत केलेलं दिसत नाही, निदान पत्रात उल्लेख नाही. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, आणि आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो म्हणून ते एप्रिल-मे मध्ये, शाळा उघडायच्या आधी. इंजेक्शनच घ्यायचं, नाकात फवारायची लस जिवंत व्हायरसची असते. हिपॅटायटिस बी ची टेस्ट आणि लस, हे तर पुढे कधी बायोलॉजिक लागलं तर आधी बघतातच, कारण शरीरात दबून असलेला हा व्हायरस त्या औषधांनी उसळून लिव्हर खराब करू शकतो. हिपॅटायटिस ए ची लस भारतात जिवंत आणि निर्जीव अशा दोन्ही प्रकारची मिळते, दुकानदाराला नुसतं नाव सांगू नकोस, निर्जीवच हवी हे चिठ्ठीवर लिहून घे. नागिणीवर आता जिवंत व्हायरस नसलेली लस इथेही आली आहे, महाग आहे, तुझ्या वयात लागेल का हे डॉक्टर सांगतील. कांजण्या आणि गोवर-रुबेला या जिवंत लसी, त्या अझाथायोप्रिन, बायोलॉजिक किंवा स्टेरॉइडवर असताना देत नाहीत. म्हणून ज्या वाचकांना कोलायटिस किंवा क्रोन्स नुकताच निघालाय आणि अजून अशी औषधं सुरू नाहीत त्यांनी हा विषय पहिल्याच व्हिजिटला काढा, नंतर ते दार बंद होतं.

चामखिळीच्या त्या व्हायरसबद्दल मघाशी म्हटलं, एचपीव्ही, त्याच कुळातले काही प्रकार गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होतात. या औषधांवरच्या बायकांनी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, चुकवायची नाही. गावात कुणी सांगत नाही हे, पुण्याला जातेयस तर विचारून घे. घरात वीस-बावीस वर्षांची भाची-पुतणी यापैकी कुठल्या औषधावर असेल तर तिला लस देता येते.

वेगळ्या औषधांवरच्या वाचकांसाठी दोन शब्द. टोफासिटिनिब ही कोलायटिसची गोळी आता आपल्याकडे स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण तिच्यावर आहेत, तिच्यात नागिणीचं प्रमाण वाढतं, अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड आले की ते ऊन लागलं समजून तेल लावत बसू नका, अँटिव्हायरल गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर उपयोग जास्त. इन्फ्लिक्सिमॅबवर (हे टीएनएफच्या इंजेक्शनांपैकीच एक) असाल तर लसीच्या अँटिबॉडी कमी बनू शकतात, कोविड लसीच्या वेळी ब्रिटनमध्ये हे दिसलं होतं, म्हणून बूस्टर टाळू नका. वेडोलिझुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, त्याची बाकीच्या व्हायरसबाबत धास्ती कमी. आणि गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब (तेही टीएनएफचंच इंजेक्शन) घेतलं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना जन्मताच सांगा, बीसीजी आणि रोटाव्हायरसची लस जिवंत असते, ती कधी द्यायची ते त्यांना ठरवावं लागतं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना सोबत घेऊन जा पुण्याला. खरंच. तुला अटॅकमध्ये तीन तासांच्या गाडीत कुणीतरी सोबत लागणारच आहे, आणि "गोळ्यांनी आजारी पडते" हा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारू दे, तू मधे बोलू नकोस. तू सांगितलेलं त्यांना सुनेचं सांगणं वाटेल, डॉक्टरांनी सांगितलेलं त्या जाऊबाईंनाही ऐकवतील.

निघताना जुनी फाइल, शेवटच्या कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट, गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकली नसतील तर तीही घे. स्टूलचं सॅम्पल तिथेच ताजं देता येईल, इथून डबीत नेऊ नकोस. प्रवासात पाण्यात ओआरएस, जाडा पॅड, एक जास्तीची सलवार, आणि रस्त्यातला बरा संडास असलेला पेट्रोल पंप कुठला हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव.